‘कथित’ला जागा नव्हती

‘हेर’ या शब्दाला दोन अक्षरं. कुठल्याही कॉलमात बसतो. ‘कथित’ला तीन, ‘संशयित’ला चार, आणि ‘हेरगिरीच्या आरोपावरून अटक’ असं सरळ लिहायचं म्हटलं तर दोन ओळी खर्ची पडतात. मथळे लिहिण्याचं काम मी एकवीस वर्षं केलं. सुरुवातीची काही वर्षं नाशिकच्या एका दैनिकात रात्रपाळीला होते. अक्षरांचा हा हिशेब तेव्हापासून बोटांत बसलाय. अजूनही दुकानाची पाटी वाचताना मी नकळत अक्षरं मोजते.

३० नोव्हेंबर १९९४ ची रात्र. मी अठ्ठावीस वर्षांची, उपसंपादक. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सुटली होती, शहर आवृत्तीचं पान एक लावायचं होतं. टेलिप्रिंटरची काचेची खोली माझ्या टेबलामागेच होती. शिपायाने कागद फाडून आणून समोर ठेवला. तिरुवनंतपुरममध्ये ‘इस्रो’च्या आणखी एका शास्त्रज्ञाला अटक. नाव एस. नंबी नारायणन. त्याआधी नऊ दिवसांपूर्वी डी. शशिकुमारन यांना पकडलं होतं, आणि त्याच्याही आधी, २० ऑक्टोबरला, मरियम रशीदा नावाच्या मालदीवच्या एका बाईला. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातमीत पहिल्याच वाक्यात ‘अलेज्ड’ हा शब्द होता. तो मला आजही दिसतो, कारण मी त्याच्याखाली पेनाने रेघ मारली होती.

मी आधी लिहिलं: ‘कथित हेरगिरीप्रकरणी इस्रोच्या शास्त्रज्ञाला अटक’. चार कॉलमांची जागा होती, मथळा बसत नव्हता. अर्धा इंच बाहेर जात होता. मग ‘कथित’ खोडलं. तरी मजा येईना, म्हणून सगळाच बदलला: ‘रॉकेटची गुपिते विकणारा शास्त्रज्ञ गजाआड’. मुख्य उपसंपादकांनी एकदा वाचून मान हलवली. फक्कड झालाय, म्हणाले. मला बरं वाटलं. नोकरीत तीन वर्षं झाली होती आणि पान एकचा मोठा मथळा माझ्या हातचा क्वचितच जायचा.

‘विकणारा’ या शब्दाकडे आज बघते तेव्हा कळतं की मराठीत हे किती सहज होतं. एक प्रत्यय लावला की आरोपाचं वर्तन होतं, वर्तनाचा स्वभाव होतो. विकल्याचा आरोप असलेला, विकलेला, विकणारा. तिसऱ्या शब्दापर्यंत पोचलो की कोर्टाला काही कामच उरत नाही.

त्याच पानावर मी एक चौकटही केली. मरियम रशीदावर. बातमीत तिच्याबद्दल एवढंच होतं की ती मालदीवची नागरिक आहे आणि व्हिसाची मुदत संपल्यावरही राहिली म्हणून तिला पकडलं. ‘विषकन्या’ हा शब्द बातमीत नव्हता. तो माझा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं. रात्री साडेबाराला एका तरुण बाईने दुसऱ्या, न पाहिलेल्या बाईबद्दल तो शब्द लिहिला आणि ब्रोमाइड, म्हणजे मजकुराची फोटोप्रत, निघून पान चिकटवायला गेलं. सकाळी वीस-बावीस हजार घरांत तो पोचला. ही पोस्ट लिहिण्याचं खरं कारण तो शब्द आहे.

पुढे कित्येक वर्षांनी, नोकरी सुटल्यावर, मी या प्रकरणाचे निकाल आणि तपासाचे अहवाल नीट वाचले. मरियमचं म्हणणं असं होतं की ती परत जाणार होती, पण भारतात प्लेग आल्याने मालदीवला जाणारी विमानं रद्द झाली, आणि म्हणून मुदत वाढवून घ्यायला ती स्वतःच पोलीस आयुक्तालयात गेली. हे वाचलं तेव्हा मी कागद बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. कारण त्या प्लेगच्या बातम्याही मीच केल्या होत्या. १९९४ चा सप्टेंबर आमच्याकडच्या कुणी विसरलेलं नाही. आधी बीड जिल्ह्यातलं मामला गाव, मग सुरत. सुरतेहून गाड्या भरभरून माणसं खानदेशात, नाशकात येत होती. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झालं होतं. आमच्या डेस्कवरही दोघं तोंडाला रुमाल बांधून बसायचे. मी रोज आकडे लिहीत होते. त्याच साथीने अडकलेली एक बाई दोन महिन्यांनी माझ्या टेबलावर आली आणि मला ती ओळखू आली नाही. मला तिचं नाव, देश आणि ‘हेर’ एवढंच दिसलं.

आणखी एक. १५ ऑक्टोबर १९९४ ला पीएसएलव्ही या आपल्या रॉकेटचं दुसरं उड्डाण यशस्वी झालं. पहिलं आदल्या वर्षी फसलं होतं, त्यामुळे या यशाचं फार कौतुक झालं. आम्हीही पान एकवर फोटोसह घेतलं. त्या रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात ‘विकास’ हे इंजिन होतं. सत्तरच्या दशकात फ्रेंचांबरोबर काम करून, तिथे माणसं पाठवून आपण जे द्रव इंधनाचं तंत्र शिकलो त्यातून ते उभं राहिलं, आणि ते उभं करणाऱ्या तुकडीचे म्होरके नंबी नारायणन होते. म्हणजे ज्या माणसाच्या कामाचं कौतुक आम्ही ऑक्टोबरच्या मध्यावर छापलं, त्यालाच नोव्हेंबरच्या शेवटी देश विकणारा ठरवलं. दोन्ही पानांवर माझा हात होता. दोन्ही वेळा हा माणूस कोण, काय करतो, हे मी विचारलं नव्हतं.

विचारायला हवा होता तो प्रश्न अगदी साधा होता. कोणतं गुपित विकलं? आरोप होता क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या, इंजिनाच्या तंत्रज्ञानाचा. आता, १९९४ साली ते तंत्रज्ञान भारताकडे होतं का? नव्हतं. १९९१ मध्ये रशियाच्या ग्लावकॉसमॉस कंपनीशी करार झाला होता, १९९२ मध्ये अमेरिकेने दोन्हीकडच्या संस्थांवर निर्बंध घातले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान द्यायला नकार दिला, फक्त तयार इंजिनं देऊ म्हणाले. या बातम्या आमच्याच पेपरात येऊन गेल्या होत्या, ग्रंथालयात फायली लावलेल्या होत्या. स्वतः बनवलेल्या क्रायोजेनिक इंजिनावर आपलं जीएसएलव्ही रॉकेट यशस्वी उडालं ते थेट ५ जानेवारी २०१४ ला. वीस वर्षांनंतर. जे घरात नाही ते चोरीला गेलं म्हणून आम्ही गावभर दवंडी पिटली. आणि विचारायला माणसं नव्हती असंही नाही. थुंबाचं केंद्र चालवलेले वसंत गोवारीकर तर आपलेच; त्यांच्या सत्काराच्या बातम्या आम्ही फोटोसकट छापायचो. अशा जाणत्या माणसाला एक फोन करून ‘हे असं विकता येतं का हो?’ एवढं विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

चोवीस तासांच्या वाहिन्या नसतानाची ही गोष्ट आहे, हे मुद्दाम सांगते. हल्ली सगळं खापर टीव्हीवर फोडायची सवय लागलीये. तेव्हा केरळातली वर्तमानपत्रं रोज नवी कहाणी छापत होती आणि आम्ही त्यांचं एजन्सीमार्फत आलेलं भाषांतर छापत होतो. ‘सूत्रांनी सांगितले’, ‘असे समजते’, ‘असे कळते’. मराठी पत्रकारितेतली ही तीन क्रियापदं कुणाची नसतात. कोण समजतं, कुणाला कळतं, हे वाक्यात कुठेच लिहिलेलं नसतं. कोठडीतल्या माणसाने पोलिसांसमोर कबुली दिली अशी बातमी आली की आम्ही ती ‘कबुली’ म्हणूनच घ्यायचो. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात लिहिलेलं होतं आणि आता नव्या साक्ष अधिनियमातही आहे. ते आम्हाला माहीत होतं. वाचकाला आम्ही सांगितलं नाही. इंग्रजांच्या राज्यातसुद्धा ज्या गोष्टीवर कोर्टाने विश्वास ठेवू नये असं ठरलं होतं, त्या गोष्टीवर सकाळच्या चहाबरोबर विश्वास ठेवायला आम्ही लोकांना शिकवलं.

कोठडीत काय झालं ते नंबी नारायणन यांनी पुढे सांगितलं आहे. मारहाण, झोपू न देणं, तीस-तीस तास उभं ठेवणं. १२ डिसेंबरला कोठडीतच त्यांना त्रेपन्न वर्षं पूर्ण झाली. जामीन १९ जानेवारी १९९५ ला झाला, पन्नास दिवसांनी. तपास तोवर सीबीआयकडे गेला होता.

राजकारणही झालंच. केरळचे मुख्यमंत्री के. करुणाकरन यांच्या मर्जीतल्या एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचं नाव प्रकरणात ओढलं गेलं. अधिकाऱ्याला पाठीशी घालतात म्हणून त्यांच्याच पक्षातल्या विरोधकांनी त्यांच्यावर रान उठवलं, आणि १६ मार्च १९९५ ला करुणाकरन यांनी राजीनामा दिला. आमच्याकडे १४ मार्चला मनोहर जोशींचा शपथविधी झाला होता, सगळं पान त्याचंच होतं, त्यामुळे करुणाकरन खाली कोपऱ्यात गेले. मुख्यमंत्री घालवण्याइतकं वजन ज्या आरोपाला आलं, तो आरोप तेव्हा कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेला नव्हता. पुढेही झाला नाही.

१९९६ च्या उन्हाळ्यात सीबीआयने प्रकरण बंद करायचा अहवाल दिला: आरोप खोटे आणि निराधार. एर्नाकुलमच्या न्यायालयाने तो स्वीकारला २ मे ला. त्या आठवड्यात लोकसभेच्या निवडणुकीचं मतदान चालू होतं. बातमी माझ्याच टेबलावर आली. मी ती पान सातवर, एका कॉलमात, बाजारभावांच्या वर लावली. मथळा काय दिला तेही आठवतं: ‘इस्रो प्रकरण बंद’. बंद! निर्दोष नाही, खोटं नाही. दोन ओळींची जागा होती, त्यात ‘आरोप खोटे: सीबीआय’ सहज बसलं असतं. दीड वर्षापूर्वी चार कॉलमांत ‘विकणारा’ बसवायला मी अर्धा तास घालवला होता. ‘विषकन्या’बद्दल तर एक ओळही लिहिली नाही. ती आणि तिची मैत्रीण फौजिया हसन अजून तुरुंगातच होत्या, तीन वर्षांहून जास्त काळ राहिल्या.

त्यानंतर केरळ सरकारला पुन्हा स्वतःच तपास करायचा होता. २९ एप्रिल १९९८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो खटाटोप रद्द केला. पुन्हा वीस वर्षं. १४ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाने नंबी नारायणन यांना ५० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि अधिकाऱ्यांच्या वागणुकीची चौकशी करायला निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन यांची समिती नेमली. प्रकरणातले आणखी एक आरोपी, ग्लावकॉसमॉसचे बंगळुरूमधले प्रतिनिधी के. चंद्रशेखर, निकालाच्या दिवशी बेशुद्धावस्थेत होते. दोन दिवसांनी, काही न कळताच गेले. चोवीस वर्षं वाट बघून.

आता अण्णांबद्दल लिहायला हवं, कारण त्यांच्याशिवाय माझा मथळा पुरता कळणार नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. परळच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर आम्ही गावी सिन्नरला परत आलो आणि ते एका विडी कारखान्यात हिशेब लिहू लागले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाला तेव्हा ते एकोणीस वर्षांचे, बदली कामगार. त्यांच्या चाळीतला त्यांच्याच वयाचा मुलगा गोळी लागून गेला. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसं गेली आणि तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. आमच्या घरात ते नाव साधं कधी घेतलं जायचं नाही. पुढे ते आणीबाणीत तुरुंगात गेले, पंतप्रधान झाले, अण्णांना त्याने काही फरक पडला नाही.

१९८३ साली मी सतरा वर्षांची होते. एका संध्याकाळी अण्णा वाचनालयातून आले ते दारातूनच ओरडत, ‘‘ऐकलं का! मोरारजी सीआयएचा माणूस निघाला!’’ सीमोर हर्श या अमेरिकन पत्रकाराने अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्यावर पुस्तक लिहिलं होतं. मोरारजींना सीआयए, म्हणजे अमेरिकेची गुप्तचर संस्था, वर्षाला २० हजार डॉलर देत असे, असा त्यात आरोप होता. अण्णांनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. खरंच वाटले. आई म्हणाली, आधी खरं आहे का ते तर बघा. ते म्हणाले, ‘‘ज्याने आपल्या लोकांवर गोळ्या घातल्या तो काय करणार नाही?’’

हे वाक्य मी फार वर्षं डोक्यात बाळगलं, कारण ऐकायला ते बिनतोड वाटतं. पण त्याच्यात एक उडी आहे. एका गोष्टीत दोषी, म्हणून दुसऱ्याही गोष्टीत दोषी. मोरारजींनी शिकागोच्या न्यायालयात पाच कोटी डॉलरचा दावा लावला. १९७१ च्या युद्धाच्या काळात मंत्रिमंडळातला माणूस सीआयएला फितूर होता, याकडेही पुस्तकाचा रोख होता, पण १९७१ ला मोरारजी इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळात नव्हतेच; जुलै १९६९ मध्येच बाहेर पडले होते. ही तारीख कुठल्याही मराठी पेपरच्या फायलीत सापडली असती. दावा चालायला १९८९ उजाडलं. मोरारजी तोवर त्र्याण्णव वर्षांचे, तिथे जाऊ शकले नाहीत. मोरारजींना पैसे दिल्याचं आपल्याला माहीत नाही, अशी साक्ष खुद्द किसिंजर यांनी दिली. लेखकाने आपली सूत्रं सांगितली नाहीत. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक जीवनातल्या माणसाने हे सिद्ध करावं लागतं की लेखकाने जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटं लिहिलं, आणि ते सिद्ध झालं नाही. ज्युरीने हर्श यांच्या बाजूने कौल दिला. मोरारजींनी पैसे घेतले असा त्याचा अर्थ होत नव्हता. पण ‘मोरारजी खटला हरले’ या मथळ्याचा अर्थ सिन्नरच्या वाचनालयात तोच झाला, आणि बहुतेक देशभर तोच झाला असणार.

गंमत म्हणून नाही, दुखलं म्हणून सांगते: नंतरच्या लिखाणात त्या ‘मंत्रिमंडळातल्या माणसा’च्या जागी यशवंतराव चव्हाणांचंही नाव घेतलं गेलं. तेव्हा अण्णा खवळले. पुरावा काय? सूत्र कोण? कुणी काहीही लिहील! सगळे प्रश्न बरोबर होते. तेच प्रश्न, त्याच आरोपाबद्दल, १९८३ मध्ये त्यांनी विचारले नव्हते. यशवंतराव आपले आणि मोरारजी परके, एवढाच फरक.

मी त्याच घरात वाढले. मालदीवची बाई आणि तिरुवनंतपुरमचा तमिळ माणूस मला कोण लागत होते? अर्ध्या इंचाने मथळा बसत नव्हता हे खरंच आहे, पण तो माणूस ओळखीचा असता, आपल्या जातीपातीतला, आपल्या जिल्ह्यातला असता, तर तो अर्धा इंच मी कुठूनही काढला असता. टाइप बारीक केला असता, फोटो कापला असता.

पैसे खाल्ल्याचा आरोप झाला तर हिशेब मागता येतो. जमीन लाटली म्हटलं तर सातबारा काढता येतो. ‘परक्यांना मिळालाय’ या आरोपाचं तसं नाही. कागद मागितले तर म्हणतात गोपनीय आहेत. साक्षीदार मागितला तर म्हणतात देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. आणि फार विचारलं तर विचारणारा कोणाचा, असा प्रश्न येतो. आपल्याकडे तर या आरोपाला फितुरीचा जुना वास आहे. संगमेश्वरची गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो, ‘फितूर’ म्हटलं की आपलं रक्त उसळतं. ते उसळणं खोटं नाही. पण म्हणूनच तो शब्द वापरणाऱ्यावर जास्त जबाबदारी यायला हवी. होतं उलटंच. सत्तेत कुणीही असो, पूर्वी ‘परकीय हात’ म्हणायचे, आता ‘परदेशी फंडिंग’ म्हणतात. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी कुणाच्या तरी चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ काढलेलं चित्र येतं, खाली परदेशी बँकेचं नाव. कधी ते या पक्षाच्या माणसाचं असतं, कधी त्या. भाचा पाठवतो तेव्हा मी विचारते, ‘‘गुन्हा दाखल झालाय का? आरोपपत्र? निकाल?’’ तो म्हणतो, ‘‘मावशी, तू कुणाच्या बाजूने आहेस?’’

त्याला मी एकदा मुंबई उच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०२१ चा निकाल वाचायला दिला. एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जो धुमाकूळ घातला त्यावरचा. तपास चालू असताना काय दाखवू नये याची न्यायालयाने त्यात यादीच दिली आहे, आणि पोलिसांपुढची कबुली पुरावा असल्यासारखी लोकांच्या गळी उतरवू नये हेही त्यात आहे. विधी आयोगाने हेच सगळं २००६ मध्ये, आपल्या दोनशेव्या अहवालात मांडलं होतं. भाच्याने वाचलं की नाही माहीत नाही. पण चित्रं पाठवणं कमी झालंय.

२०१८ च्या निकालाच्या संध्याकाळी मी सिन्नरला होते. अण्णा एक्याऐंशी वर्षांचे, डोळ्यांना दिसणं कमी झालेलं, त्यांना मी बातमी वाचून दाखवली. मग माझी गोष्ट सांगितली. मथळ्याची, चौकटीची, पान सातची. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच कुणाला सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘‘त्या बाईचं काय झालं?’’ मी सांगितलं, तीन वर्षं तुरुंगात होती, मग तिच्या देशात परत गेली.

‘‘आणि तुझ्या पेपरात आलं का ते?’’

नाही, म्हटलं.

त्यांनी खाटेवर हात टेकून थोडं उठून बसायचा प्रयत्न केला. म्हणाले, ‘‘मोरारजीला मी गोळीबाराचं कधी माफ करणार नाही. मेलो तरी नाही. पण ते डॉलरचं… ते मी उगाच धरून बसलो होतो. कोणी सिद्ध केलं नव्हतं. पेढे वाटायला नको होते.’’

त्यांच्या तोंडून हे येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. एकोणीसाव्या वर्षी ज्यांचा मित्र रस्त्यावर पडला, त्यांनी मोरारजींचा खरा गुन्हा तसाच ठेवला, कणभर कमी केला नाही, आणि न ठरलेला गुन्हा त्यातून वेगळा काढला. मला, पंचवीस वर्षं शब्दांवर जगलेल्या बाईला, ते अठ्ठावीसाव्या वर्षी जमलं नव्हतं. अण्णा दुसऱ्या वर्षी गेले.

आता मी आठवड्यातून एकदा पत्रकारितेच्या मुलांना मथळे शिकवते. २०२४ मध्ये सीबीआयने या प्रकरणात पाच माजी पोलीस आणि गुप्तचर अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केलं. ती बातमी मी वर्गात दिली, चार कॉलम, एक ओळ. मुलांना प्रकरण माहीत होतं, बहुतेकांनी त्यावरचा सिनेमाही पाहिला होता. चौदापैकी अकरा जणांनी साधारण एकच मथळा लिहिला: ‘शास्त्रज्ञाला अडकवणारे पोलीस अखेर जाळ्यात’.

मी फळ्यावर ‘अडकवणारे’ लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ मारली. ‘‘हे कोर्टात ठरलंय का?’’

एक मुलगी चिडली. नगरची आहे, हुशार आहे. म्हणाली, ‘‘मॅडम, पण यांनी त्या माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त केलं. आता यांच्यासाठी पण ‘कथित’ लिहायचं?’’

‘‘यांच्यासाठी पण.’’

‘‘मथळा बसणार नाही.’’

तिला मी माझ्या जवळचं १ डिसेंबर १९९४ चं कात्रण दाखवलं. पिवळं पडलंय, घडीवर फाटलंय, ‘विकणारा’चा ‘वि’ घडीत गेलाय. वर्गात फिरवलं. शेवटच्या बाकापर्यंत गेलं आणि परत आलं. तिने ते बराच वेळ हातात धरलं, चौकटही वाचली, आणि मला विचारलं, ‘‘हे तुम्ही लिहिलंय?’’ मी हो म्हटलं.

मग तिने आपला कागद पुढे ओढला. ‘इस्रो प्रकरण: पाच माजी अधिकाऱ्यांवर बनावट गुन्ह्याच्या आरोपाखाली आरोपपत्र’. लांब होता. आम्ही दोघींनी मिळून ‘माजी’ काढून बघितलं, ते खोटं झालं असतं म्हणून परत घातलं. ‘बनावट गुन्ह्याच्या आरोपाखाली’ काढलं, कारण ‘आरोपपत्र’मध्ये आरोप होताच. ‘इस्रो प्रकरणी पाच माजी अधिकाऱ्यांवर आरोपपत्र’. तरीही जरा बाहेर जात होता. टाइप दोन पॉइंटनी कमी केला, तेव्हा बसला.